काढून परत टाका

कॉर्फ हा प्रोग्राम माझ्या वडिलांनी सत्त्याण्णव साली लिहिला. पपा किंग्स्टनच्या पोस्टात नोकरीला होते आणि घरामागे त्यांच्या नऊ मधपेट्या होत्या. कुठल्या पेटीतली राणी माशी कुणाची लेक, कुठली पेटी अंगावर धावून येते, कुठली हिवाळा सोसते, हे वहीत लिहून लिहून ते कंटाळले आणि संगणक शिकले. कॉर्फ म्हणजे माझ्या डच आजीच्या भाषेत गवताचं विणलेलं, जुन्या चालीचं पोळं. प्रोग्राम दिसायला ओबडधोबड, करडी खिडकी आणि चौकोनी बटणं. पण टास्मानिया बेटावरच्या मधपाळांनी तो उचलून धरला. पपांनी तो आधी फ्लॉपीवर वाटला, मग सीडीवर, मग वेबसाइटवरून.

माझा भागीदार फर्गस आणि मी मिळून होबार्टमध्ये एक छोटं ऑफिस चालवतो. लोकांचे जुने, चांगले चालणारे प्रोग्राम घ्यायचे आणि संगणक-कंपनीच्या ऑनलाइन स्टोअरमध्ये चढतील असे बांधून द्यायचे, हाच आमचा धंदा. दंतवैद्यांचे, जमीन मोजणाऱ्यांचे, एकदा तर चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याचासुद्धा. कारण आता स्टोअरबाहेरून आणलेला प्रोग्राम उघडायला गेलं की संगणक धोक्याची पाटी दाखवतो, आणि काही नव्या संगणकांवर तर तो चढतच नाही. म्हाताऱ्या मधपाळांचे पपांना फोन येऊ लागले.

"मारिके, माझा प्रोग्राम चोर आहे म्हणतात गं ते," पपा मला म्हणाले. चेष्टेत म्हणाले, पण चेहरा उतरलेला होता.

"द्या माझ्याकडे. आठवड्यात चढवते स्टोअरमध्ये," मी म्हटलं.

तो मी शनिवार-रविवारी, घरचं काम म्हणून बांधला. इथेच जे व्हायचं ते झालं.

स्टोअरला प्रोग्राम बंद डब्यात लागतो. डब्याच्या आतल्या फोल्डरमध्ये प्रोग्रामला काही लिहिता येत नाही. पपांचा कॉर्फ तर जुन्या काळातला. त्याच्या सगळ्या नोंदी तो स्वतःच्याच फोल्डरमध्ये, आपल्या पायाशी ठेवायचा. तेव्हा सगळेच तसं करत. नोंदी दुसरीकडे न्यायच्या तर पपांचा प्रोग्राम बारा-पंधरा ठिकाणी उघडून शिवावा लागला असता. त्यापेक्षा सोपी युक्ती होती. मध्ये कोडचा एक छोटा तुकडा बसवायचा. कॉर्फ जे लिहायला जाईल ते हा तुकडा अलगद झेलणार आणि डब्याच्या मालकीच्या एका वेगळ्या कोपऱ्यात ठेवणार. कॉर्फला पत्ताच लागत नाही. नवी आवृत्ती आली तरी कोपरा शाबूत राहतो. मात्र डबा संगणकावरून काढून टाकला, की कोपराही त्याच्याबरोबर जातो.

हे मला माहीत होतं. मुद्दाम सांगते, कारण "तुला काय कल्पना!" असं म्हणून नंतर बऱ्याच जणांनी मला माफ करून पाहिलं. मला कल्पना होती. मी तुकडा बसवला, कॉर्फ चालला, छापला, नोंदी राहिल्या, स्टोअरमध्ये चढवला, पपांना दाखवला. ते खूश झाले. पुढे हे नीट करायचं आहे, असं एका चिठ्ठीवर लिहिलं आणि दंतवैद्यांच्या कामाला लागले. दीड वर्ष गेलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेल पर्डनचा फोन आला. नेल अडुसष्ट वर्षांची, गीव्हस्टनच्या वरच्या अंगाला एकटी राहते आणि राण्या तयार करते. मध विकणारे पुष्कळ आहेत. राण्या तयार करणारे मोजके. तिच्या राण्या जाळीच्या छोट्या डब्यांतून बेटभर जातात. काही पोळ्यांतल्या अळ्या खडूसारख्या पांढऱ्या पडून मरतात. रोगट अळी वेळीच ओळखून बाहेर फेकणाऱ्या माश्यांचा एक वंश नेलने निवडून निवडून चौदा वर्षांत उभा केला होता. हे सगळं कॉर्फमध्ये होतं. राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका, पेटीवर नंबर, आणि त्या नंबराची आई, आजी, पणजी कॉर्फमध्ये.

"मारिके, तुझ्या बापाचा प्रोग्राम रुसलाय. उघडतो आणि लगेच मिटतो," ती म्हणाली.

मी दुसऱ्याच कामात होते. "काढून परत टाका नेल. स्टोअरमधून दोन मिनिटांचं काम आहे."

"काढू? माझ्या नोंदी जाणार नाहीत ना?"

"नाही हो."

हे 'नाही हो' म्हणायला मला एक सेकंदही लागला नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींवर हाच उपाय असतो. जीभ आपोआप वळते.

वीस मिनिटांनी तिचा परत फोन आला. आवाज हलका, जवळजवळ लाजलेला. "चालू झाला गं. पण कोरा आहे. मी काहीतरी चुकीचं दाबलं का?"

तेव्हा मला तो कोपरा आठवला. मी तिला संगणक तसाच बंद करून ठेवायला सांगितलं, स्वतः जाऊन घेऊन आले, आणि होबार्टमध्ये पुसलेल्या फाइली काढून देणारा एक माणूस आहे त्याच्याकडे दिला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "जुनी फिरती डिस्क असती तर काहीतरी हाताला लागलं असतं. ही नव्या जातीची. हिनं पुसलं की पुसलं."

फर्गसने तोवर पत्र लिहून ठेवलं होतं. सभ्य, थंड पत्र. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे. परंतु आपल्या नोंदींची प्रत ठेवणं ही अटींप्रमाणे वापरणाऱ्याची जबाबदारी आहे.

"तू काही बोलू नकोस. हे पाठव. एकदा चूक कबूल केली की उद्या दंतवैद्यही दारात उभे राहतील," तो म्हणाला.

"त्यांच्यात हा तुकडा नाहीये."

"ते तुला माहीत. त्यांना माहीत आहे?"

मी पत्र पाठवलं नाही, पण फाडलंही नाही. लाज वाटते, पण त्या क्षणी त्या पत्राचा आधार वाटला. नेलने प्रत ठेवली नसेल, तर निम्मी चूक तिची, असा हिशेब मी मनात केला आणि फोनवर तिला विचारलं, "नेल, तुम्ही प्रत काढून ठेवायचात का कधी?"

"म्हणजे काय! दर रविवारी, चहा झाल्यावर," ती म्हणाली. "प्रत काढायचं बटण आहे ना तुझ्या बापाचं? एकही रविवार चुकवला नाही. ती उघड ना."

मी फोन ठेवला आणि पपांचा मूळ प्रोग्राम उघडून पाहिला. प्रत काढायचं बटण नोंदींची प्रत बनवत होतं आणि कॉर्फच्याच फोल्डरमध्ये 'प्रती' नावाच्या पोटफोल्डरमध्ये ठेवत होतं. म्हणजे माझ्या तुकड्याने तीही झेलली होती आणि त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवली होती. दीड वर्षाचे सगळे रविवार तिथेच. सगळे एका झटक्यात गेले.

फर्गसला दाखवलं. त्याने ते पत्र स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. "जा तू गीव्हस्टनला. फोनवर नको सांगू," तो म्हणाला.

मी पपांना घेऊन गेले. ते येतो म्हणाले, मला नाही म्हणवलं नाही. गाडीत ते एकदाच बोलले. "फाइल तिथे मी ठेवली होती, मारिके. सत्त्याण्णव साली."

"तेव्हा ते बरोबर होतं, पपा."

"बरोबर होतं म्हणूनच कुणी पुन्हा बघितलं नाही," ते म्हणाले आणि काचेतून बाहेर बघू लागले.

नेल पेट्यांपाशीच होती. तोंडावरची जाळी वर टाकलेली, हातात पेटीतून काढलेली पोळ्याची चौकट, तिच्यावर माश्यांचा थर. आम्हाला बघून तिने चौकट खाली ठेवली नाही. मी तशीच उभी राहून सगळं सांगितलं: डबा, तुकडा, कोपरा, रविवारच्या प्रती, आणि हेही की मला माहीत होतं. पपा मध्येच "नेल, मुळात मी..." म्हणायला लागले तर तिने त्यांना हातानेच थांबवलं.

"इवो, तू गप्प बस. तिला बोलू दे."

माझं संपलं. तिने चौकट हळूच पेटीत सोडली, माश्या चिरडणार नाहीत अशी, झाकण लावलं.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "नोंदी जाणार नाहीत ना, असं अगदी स्पष्ट विचारलं होतं."

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो."

"माहीत नाही म्हणाली असतीस तर मी थांबले असते गं." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग ती घरात गेली आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. पपा एका उपड्या पेटीवर बसून रडले. त्यांना रडताना मी त्याआधी फक्त आई गेली तेव्हा पाहिलं होतं.

नेलचा जुना संगणक, त्यातल्या आधीच्या प्रतींसकट, कधीच भंगारात गेला होता. पण एक गोष्ट सापडली. २०१४ साली कॉर्फमध्ये तारखांची काहीतरी गडबड झाली होती, तेव्हा नेलने पूर्ण फाइल पपांना मेलने पाठवली होती. ती पपांच्या जुन्या मेलमध्ये निघाली. म्हणजे पणज्या मिळाल्या. पण राणी दोन-तीन वर्षं जगते, आणि नेल दरवर्षी नवी पिढी काढते. पणज्या आणि आजच्या राण्या यांच्यामध्ये दहा वर्षांचा खड्डा होता. पेट्या जिथल्या तिथे होत्या, माश्या कामावर जात-येत होत्या, नंबर ठळक होते. फक्त कोण कुणाची ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

पुढचे चार दिवस मी तिथेच राहिले. नेल पेटी उघडायची, मी वहीत लिहायची. तिला खूप आठवत होतं. "ही चारशे सतरा. हिची आई त्या सफरचंदाच्या झाडाखालच्या पेटीतली, चिडखोर. लिही." अशा साठेक राण्या झाल्या. पण पंचवीस-तीस राण्यांपाशी येऊन ती अडायची. नेमक्या त्याच, अळ्या फेकणाऱ्या वंशाच्या. त्यांच्यात दोन शाखा होत्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या.

"बहुतेक तीनशे नव्वदची लेक," मी पाचव्यांदा सुचवलं. "चालीवरून तशी वाटते ना?"

"बहुतेक लिहायचं नाही."

"पुढे खूण करून ठेवू की, अंदाज म्हणून."

"खूण दोन वर्षांत गळून पडते, पोरी. अंदाज तेवढा उरतो, आणि मग तो खरा होऊन बसतो. ज्यांना मी राणी विकते ते माझ्या शब्दावर आपली पोळी उभी करतात. कोरं सोड."

कोरं सोडलं. त्या हंगामात नेलने वंशावळीची चिठ्ठी लावून एकही राणी पाठवली नाही. ज्यांची मागणी नोंदवलेली होती त्या सगळ्यांना तिने स्वतः कळवलं: राण्या आहेत, चांगल्या आहेत, पण त्यांच्या आयांची खात्री मी देऊ शकत नाही. निम्म्यांनी घेतल्या, निम्म्यांनी नाही. माझं नाव तिने कुणालाही सांगितलं नाही. ते मला दुसऱ्याच एका मधपाळाकडून कळलं आणि जास्त लागलं.

दरम्यान मी डबा स्टोअरमधून उतरवला. पपांबरोबर बसून कॉर्फ बारा नाही, सतरा ठिकाणी उघडला आणि नोंदी माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, दिसतील अशा ठेवल्या. नवा डबा नेलकडे नेला तेव्हा ती म्हणाली, "कुठे ठेवतो ते दाखव." दाखवलं. "आता काढ माझ्यासमोर." काढला. फाइल तिथेच होती. तरी तिने 'परत एकदा' म्हणून तीन वेळा करायला लावलं, आणि मगच संगणकापाशी बसली.

आता बाकीचे उरले होते. स्टोअर मला फक्त आकडा सांगत होतं: सदतीस संगणक. कोणाचे ते सांगत नाही. नव्या आवृत्तीत मी उघडताच दिसेल अशी सूचना घातली, पण ज्याने कॉर्फ काढूनच टाकला असेल त्याला ती कशी दिसणार? पपांकडे जुन्या ग्राहकांची यादी होती, सीडीच्या काळातली, दोनशेवर नावं. मी फोन करायला बसले. कितीतरी जण वारले होते. त्यांच्या बायका, मुलं फोन उचलत, आणि मी कॉर्फचं नाव काढलं की "हां, माश्यांचा प्रोग्राम," म्हणून गप्पा मारत. दहा दिवसांत चौतीस जण सापडले, सगळे सुखरूप. मला थोडं हायसं वाटायला लागलं होतं.

एकशे बासष्टावं नाव आल्विन गॉफ्टन, स्कॉट्सडेल.

"कॉर्फ ना? सोडला मी तो," म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत होता. "माश्याही सोडल्या. डोकं चालेना."

"कॉर्फ कधी सोडलात, आल्विन?"

"ऑगस्टमध्ये. छापत नव्हता म्हणून तुमच्या त्या मदतीच्या पानावर लिहिलंय तसं काढून परत टाकला. बघतो तर कोरा! म्हणजे मी काही लिहिलंच नव्हतं कधी. मला वाटायचं, रोज संध्याकाळी बसून लिहितो. डोळ्यांसमोर दिसायचं लिहिताना. पण कोरा." तो हसला. "एक्क्याऐंशी झाली. ग्लेनिसला सांगितलं, बाई, माझं आता काही खरं नाही."

मदतीचं पान मी लिहिलं होतं.

मी त्याला फोनवर काहीच सांगितलं नाही. उद्या येते म्हणाले, आणि सकाळी निघाले. अडीच-तीन तासांचा रस्ता. वाक्यं जुळवत गेले आणि पोचेपर्यंत एकही उरलं नाही.

दार त्याच्या मुलीने उघडलं. ग्लेनिस, पन्नाशीची, नर्सचा गणवेश अंगात. स्वयंपाकघरात प्रत्येक कपाटावर पिवळ्या चिठ्ठ्या होत्या: कप, साखर, गोळ्या सकाळच्या. शेगडीवर मोठ्या अक्षरात: बंद केली का? आल्विन टेबलापाशी नीट भांग पाडून बसला होता, पाहुणी येणार म्हणून.

मी सांगितलं. नेलला सांगितलं होतं तसंच, काही न वगळता. डब्याचं त्याला लगेच कळलं. त्याने चाळीस वर्षं करवत-गिरणीतली यंत्रं सांभाळली होती. तो म्हणाला, "म्हणजे मी लिहिलं होतं."

"हो."

"सगळं?"

"सगळं. मीच घालवलं."

"ग्लेनिस, ऐकलंस?" तो वळून म्हणाला. "मी लिहिलं होतं!"

"ऐकलं, डॅड."

"आणि तू माझ्या पेट्या त्या ब्रिडपोर्टच्या माणसाला देऊन टाकल्यास!"

"तुम्हीच द्या म्हणालात."

"मी म्हणालो, कारण मला वाटलं मी खुळा झालो!" तो उठला आणि शेगडीवरची चिठ्ठी ओढून काढली. मग चहाच्या कपाटावरची. ग्लेनिस बघत राहिली, अडवलं नाही. गोळ्यांच्या चिठ्ठीपाशी त्याचा हात थांबला. ती त्याने तशीच ठेवली, आणि खुर्चीत येऊन बसला. "तीन महिने," तो म्हणाला, आता हळू आवाजात. "रोज सकाळी उठून स्वतःला वार विचारायचो. बरोबर आला तरी वाटायचं, नशिबानं आला."

मी माफी मागितली. त्याने माझा हात थोपटला. त्या हाताचं काय करावं ते मला कळेना.

ग्लेनिस मला गाडीपर्यंत सोडायला आली. फाटकापाशी थांबली. मला वाटलं, आता बोलेल मला. पण ती म्हणाली, "येऊन सांगितलंत ते बरं केलंत. न सांगता राहता आलं असतं तुम्हाला."

मी मान हलवली.

"पण खरं सांगू? त्या कोऱ्या प्रोग्रामच्या आधीही एकदा शेगडी चालू राहिली होती. एकदा गाडी दुकानापाशी विसरून ते चालत घरी आले. आम्ही हे कुणीच धरलं नव्हतं, आणि मग प्रोग्राम कोरा निघाला तेव्हा सगळं एका ओळीत बसलं. त्यांनी स्वतःहून गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. मला भांडावं लागलं नाही." तिने घराकडे पाहिलं. "आता ते किल्ल्या परत मागणार. आज संध्याकाळीच. मी काय सांगू?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि या वेळी मी तसंच म्हणाले. "मला माहीत नाही, ग्लेनिस."

ब्रिडपोर्टच्या माणसाने नाताळच्या आधी अकरातल्या चार पेट्या परत आणून दिल्या. आल्विन त्यांच्या नोंदी कॉर्फमध्ये घालतो आणि महिन्याला मला फोन करून किती चौकटी भरल्या ते सांगतो. कधी एकच आकडा दोनदा सांगतो. तो आनंदाने सांगतो की विसरून, मला कळत नाही. किल्ल्या अजून ग्लेनिसकडेच आहेत. त्यावरून त्या घरात रोज वाद होतो, असं ती म्हणते.